तारणदायक विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांना विश्वासाच्या जाहीर कबुलीसाठी तयार करणाऱ्या वर्गात, घरगुती प्रार्थनासभांत आणि ख्रिस्ती नसलेल्या मित्रांशी होणाऱ्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येतात. उत्तरे प्रोटेस्टंट भूमिकेतून लिहिली आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. कॅथॉलिक आणि इतर मंडळ्यांचे म्हणणे जिथे वेगळे आहे, तिथे ते त्यांना स्वतःला ओळखू येईल अशा शब्दांत मांडण्याचा प्रयत्न केला आहे. बायबलमधील संदर्भ उत्तरांच्या ओघातच दिले आहेत. ते उघडून पाहावेत.

तारणदायक विश्वास म्हणजे थोडक्यात काय?

येशू ख्रिस्ताने वधस्तंभावर पापी माणसासाठी जे केले, आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवून ज्यावर शिक्कामोर्तब केले, त्यावर आपला सगळा भार टाकून देवापुढे उभे राहणे म्हणजे तारणदायक विश्वास. १६४६ साली पूर्ण झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन मंडळ्या मानतात त्या सिद्धान्तांच्या निवेदनाचे, चौदावे प्रकरण याच विषयाला दिलेले आहे. ख्रिस्ताला मान्य करणे, त्याला स्वीकारणे आणि केवळ त्याच्यावर विसंबून राहणे, या विश्वासाच्या मुख्य कृती तिथे सांगितल्या आहेत. तिन्ही वेळा नजर ख्रिस्ताकडे आहे, स्वतःच्या विश्वासाकडे नाही. आणि लोकांच्या मनातील बहुतेक गोंधळ ही नजर आतल्या बाजूला वळल्यामुळेच होतो, असे मला वाटते.

देव आहे आणि बायबल खरे आहे, हे मी मानतो. एवढे पुरेसे नाही का?

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात याचे उत्तर जरा बोचऱ्या शब्दांत आले आहे: देव एकच आहे असे तू मानतोस, ठीक आहे, भुतेही तसे मानतात आणि थरथर कापतात. भुतांचे ज्ञान आपल्यापेक्षा कमी नसावे. मार्काच्या शुभवर्तमानात येशू देवाचा पवित्र पुरुष आहे हे शिष्यांच्या आधी कफर्णहूमच्या सभास्थानातील अशुद्ध आत्म्यानेच ओरडून सांगितले. त्याच्याकडे माहितीची उणीव नव्हती.

म्हणून धर्मसुधारणेच्या, म्हणजे सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट चळवळीच्या परंपरेतील ईश्वरज्ञांनी विश्वासाची तीन अंगे मानली. पहिले ज्ञान, म्हणजे सुवार्ता (ख्रिस्ताविषयीची शुभ वार्ता) काय सांगते हे ठाऊक असणे. दुसरे संमती, म्हणजे ते खरे आहे असे मनाने पटणे. आणि तिसरे भरवसा, म्हणजे त्या सत्यावर स्वतःला सोपवून देणे. पहिली दोन अंगे तिसऱ्याशिवाय संभवतात, आणि भुतांच्या बाबतीत नेमके तेच झालेले आहे. तिसरे मात्र पहिल्या दोहोंशिवाय संभवत नाही, कारण ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. १५६३ सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीतील, म्हणजे प्रश्नोत्तररूपाने विश्वास शिकवणाऱ्या प्रोटेस्टंट पुस्तिकेतील, एकविसाव्या प्रश्नाचे उत्तर या दृष्टीने फार नेमके आहे. खरा विश्वास म्हणजे केवळ खात्रीचे ज्ञान नव्हे, तर अंतःकरणातील भरवसाही आहे, असे सांगून ते उत्तर पुढे म्हणते की पापांची क्षमा केवळ इतरांना नव्हे, तर मलाही मिळाली आहे. या ‘मलाही’पाशी पुष्कळ लोक वर्षानुवर्षे अडून राहतात. जग पापी आहे आणि ख्रिस्त जगाचा तारणारा आहे, हे ते विनासायास म्हणतात. पण त्या वाक्यात स्वतःचे नाव घालायची वेळ आली की गप्प होतात.

अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या रॉबर्ट सँडेमन यांनी याच्या उलट शिकवण दिली होती. प्रेषितांची साक्ष खरी आहे अशी निखळ संमती म्हणजेच विश्वास. त्यात भरवशाची भर घातली की भरवसा हेही एक पुण्यकर्म होऊन बसते, असे त्यांचे म्हणणे होते. विजेच्या शोधांमुळे प्रसिद्ध असलेले मायकेल फॅरडे याच छोट्या पंथाचे सभासद होते. सँडेमन यांच्या काळजीबद्दल मला आदर वाटतो, पण याकोबाने भुतांचे उदाहरण देऊन ठेवल्यावर त्यांचा निष्कर्ष टिकत नाही.

तारण होण्यासाठी किती कळलेले असावे लागते?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. मध्यरात्र, भूकंप, सगळी दारे उघडी. कैदी पळाले असे समजून फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी तलवार उपसून स्वतःचा जीव घ्यायला निघाला आहे. कैदेत असलेला प्रेषित पौल मोठ्याने ओरडतो, आम्ही सगळे इथेच आहोत. अधिकारी दिवे मागवून आत धावतो, आणि मग विचारतो की तारण व्हावे म्हणून मी काय केले पाहिजे. त्याला मिळालेले उत्तर एका वाक्याचे आहे: प्रभू येशूवर विश्वास ठेव म्हणजे तुझे व तुझ्या घराण्याचे तारण होईल. हे वाक्य भिंतींवर आणि पत्रकांवर आपण सर्वांनी वाचलेले असते. त्याच्या पुढचे वाक्य मात्र सहसा कोणी छापत नाही. पौल आणि त्याचा सोबती सीला यांनी त्याला व त्याच्या घरातील सर्वांना प्रभूचे वचन सांगितले, असे ते वाक्य आहे. म्हणजे त्याच रात्री शिकवणही झाली. मग त्याने त्यांच्या जखमा धुतल्या, बाप्तिस्मा घेतला आणि त्यांना जेवू घातले.

येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला एवढीही शिकवण मिळाली नाही. आपण शिक्षेस पात्र आहोत, शेजारचा मनुष्य निर्दोष आहे, आणि तरीही तो राजा आहे, इतकेच त्याला उमगले होते. तेवढ्यावर त्याने आपली आठवण ठेवण्याची विनंती केली. तेव्हा गाभा लहान आहे, पण तो रिकामा नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो दिला आहे: ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मरण पावला, पुरला गेला, आणि तिसऱ्या दिवशी उठवला गेला. त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणुकीची) व्याख्या पाठ नसलेल्या आजीचे तारण होते. येशू हा केवळ थोर गुरू होता असे मानणाऱ्या विद्वानाला मात्र नवा करार तारणाचे आश्वासन देत नाही.

विश्वास हे माझे काम आहे की देवाचे दान?

विश्वास माझ्या मनात घडतो, मी ठेवतो, देव माझ्याऐवजी ठेवत नाही. तरीही तो माझ्या पदरी जमा होणारी पुण्याई नाही. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण झाल्याचे सांगून लगेच म्हटले आहे की हे देवाचे दान आहे आणि कोणी आढ्यता बाळगू नये.

यापुढे मंडळ्यांची वाट फुटते. नेदरलँड्समध्ये १६१० साली डच ईश्वरज्ञ आर्मिनियस यांच्या अनुयायांनी आपल्या मतांचे निवेदन दिले आणि १६१८-१९ मध्ये डॉर्ट येथील मंडळ्यांच्या सभेने त्याला उत्तर दिले. डॉर्टच्या मते देव ज्यांना निवडतो त्यांच्या ठायी विश्वास निर्माण करतो आणि ती कृपा निष्फळ होत नाही. आर्मिनियस यांच्या बाजूच्या मते कृपा आधी येते, माणसाला समर्थ करते, पण माणूस तिला नाकारू शकतो. मेथडिस्ट मंडळ्या साधारणपणे दुसऱ्या बाजूच्या, प्रेस्बिटेरियन पहिल्या. या वादात पडणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते की कृपा आधी आणि माणूस नंतर, हा क्रम दोन्ही पक्षांना मान्य होता.

माझा विश्वास फार कमकुवत आहे. तो तारणास पुरेल का?

कमकुवत विश्वास आणि बलवान विश्वास या दोहोंनी धरलेला ख्रिस्त एकच आहे, म्हणून पुरेल. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात सर्वांना पाठ असलेल्या सोळाव्या वचनाच्या थोडे आधी येशू नीकदेमाला रानातल्या पितळी सर्पाची आठवण देतो. गणना या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातील ती घटना अशी: इस्राएल लोकांना विषारी साप चावत आहेत, माणसे मरत आहेत, आणि देवाने मोशेला खांबावर पितळी साप उंच टांगायला सांगितले आहे, ज्याला साप चावला तो त्याच्याकडे पाहील तर जगेल. आता त्या छावणीची कल्पना करावी. कोणी नुकताच चावलेला तरुण उभा राहून स्वच्छ डोळ्यांनी पाहतो. कोणी तापाने फणफणलेली बाई दोघांच्या आधाराने कशीबशी मान वर करते आणि तिला तिकडे काहीतरी चमकते एवढेच दिसते. दोघेही जगतात, आणि सारखेच जगतात. पाहण्याच्या ताकदीवर काही अवलंबून ठेवलेले नव्हते.

मार्काच्या नवव्या अध्यायातील बापाने तर एकाच दमात आपला विश्वास आहे असेही म्हटले आणि आपला अविश्वास घालवून टाकण्याची विनंतीही केली. येशूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये असे सांगितले नाही. मुलाला बरे केले.

पौल म्हणतो कर्मांवाचून, याकोब म्हणतो कर्मांवाचून विश्वास निर्जीव. दोघांपैकी खरे कोणाचे?

हा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. रोमकरांस ३:२८ मध्ये पौल लिहितो की मनुष्य नियमशास्त्रातील (मोशेद्वारे दिलेल्या नियमांतील) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब २:२४ म्हणते की मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी नीतिमान ठरतो. शब्द जवळजवळ समोरासमोर भिडतात, आणि जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनाही ते भिडलेले दिसले. १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या करारात त्यांनी रोमकरांस ३:२८ मध्ये ‘केवळ’ या अर्थाचा शब्द घातला आणि त्याच आवृत्तीच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताचे, म्हणजे हलक्या मोलाचे, पत्र म्हटले. त्यांच्या चाहत्यांना या ओळीचा आजही संकोच वाटतो.

दोघांनीही उदाहरण एकाच माणसाचे घेतले आहे, पण त्याच्या आयुष्यातले प्रसंग वेगळे निवडले आहेत, आणि माझ्या मते गाठ तिथेच सुटते. पौल उत्पत्ती १५ वर थांबतो. अब्राहामाला मूल नाही, देव त्याला बाहेर नेऊन तारे मोजायला सांगतो, अब्राहाम विश्वास ठेवतो आणि तो त्याच्या बाबतीत नीतिमत्त्व असा गणला जातो. अजून त्याची सुंताही झालेली नाही, नियमशास्त्र तर कित्येक पिढ्या दूर आहे. याकोब उत्पत्ती २२ कडे जातो, जिथे त्याच वचनाने मिळालेला मुलगा इसहाक वेदीवर आहे आणि बापाच्या हातात सुरा आहे. पहिल्या प्रसंगातला विश्वास खरा होता हे दुसऱ्या प्रसंगात उघड झाले, असे याकोबाचे म्हणणे आहे; त्याने स्वतःच उत्पत्ती १५ चे ते वाक्य तिथे उद्धृत करून ते पूर्ण झाले असे म्हटले आहे.

दोघांपुढचे श्रोतेही वेगळे आहेत. पौलापुढे असा मनुष्य आहे जो आपली कर्मे तराजूत घालून देवाकडे हक्क मागतो. याकोबापुढे असा आहे जो उघड्यानागड्या, दिवसाच्या अन्नाला मोताद असलेल्या बंधुभगिनीला सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो असे म्हणतो आणि काहीच देत नाही. या दुसऱ्या माणसाला पौलाने तरी काय सांगितले असते? गलतीकरांस पत्रात, म्हणजे जिथे तो कर्मांविरुद्ध सर्वांत तीव्रपणे लिहितो त्याच पत्रात, प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास हेच महत्त्वाचे असे त्याने लिहिले आहे. ल्यूथर यांनीही रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत विश्वास ही जिवंत, सतत खटपट करणारी गोष्ट आहे, सत्कर्मे करावीत का हे ती विचारत बसत नाही, विचारण्याआधीच तिने ती केलेली असतात, अशा आशयाचे लिहिले आहे. गवताच्या पत्राबद्दल काहीही म्हटले असले, तरी इथे ते याकोबाच्याच अंगणात उभे आहेत.

कॅथॉलिक मंडळी विश्वासाने तारण मानत नाही, हे खरे आहे का?

असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे, जरी आपल्याकडे व्यासपीठावरून ते सहज म्हटले जाते. कॅथॉलिक मंडळीच्या ट्रेंट येथील परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी संमत केलेल्या निर्णयात विश्वास हा माणसाच्या तारणाचा आरंभ आणि नीतिमान ठरण्याचा पाया व मूळ आहे असे लिहिले आहे. केवळ विश्वासाने हा प्रकार मात्र तिने नाकारला, कारण मध्ययुगीन ईश्वरज्ञ थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेप्रमाणे तारणदायक विश्वास म्हणजे प्रीतीने घडवलेला विश्वास. प्रीती, आशा आणि संस्कारांतून (बाप्तिस्मा, प्रभुभोजन यांसारख्या विधींतून) मिळणारी कृपा वगळून उरलेली नुसती संमती तारू शकत नाही. प्रोटेस्टंट मनुष्य विश्वास म्हणतो तेव्हा त्यात भरवसा आधीच धरलेला असतो. त्या काळचा कॅथॉलिक ईश्वरज्ञ तोच शब्द उच्चारतो तेव्हा प्रामुख्याने संमती त्याच्या मनात असते. काही भांडण यातून आले. पण सगळे नाही. नीतिमान ठरणे म्हणजे देवाने न्यायासनावरून दिलेला निकाल, की माणसाला आतून पालटून टाकणारी प्रक्रिया, हा मतभेद खरा आहे.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथॉलिक मंडळी आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्तावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपला स्वीकार करतो, आणि पवित्र आत्मा अंतःकरण नवे करून आपल्याला सत्कर्मांसाठी सिद्ध करतो, असे दोघांनी मिळून म्हटले. २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषद आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक संघ यात सामील झाला. वसईचे कॅथॉलिक घर आणि अहमदनगरकडचे प्रोटेस्टंट घर यांच्यात लग्नाची बोलणी होतात, तेव्हा हे घोषणापत्र कोणी टेबलावर ठेवत नाही. ठेवले तर निदान काही वाक्ये तोंडातून बाहेर पडायची थांबतील.

माझा बाप्तिस्मा झालेला आहे. मग विश्वासाचा वेगळा प्रश्न कशाला?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातल्या वाचकाला पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून जितके स्पष्ट मिळते, तितके कोणत्याही प्रश्नोत्तरीतून मिळणार नाही. संस्कृत विदुषी असलेल्या रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी आपली मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय त्यांनी विचारपूर्वक, वाचून, वाद घालून घेतला होता. त्यानंतरही त्या इंग्लंडमधील आपल्या शिक्षकांशी सिद्धान्तांवर पत्रांतून झगडत राहिल्या. अमेरिकेचा प्रवास करून त्या परतल्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढल्या वर्षी ते पुण्यास हलवले. कामात कसूर नव्हती, नीतीत नव्हती, ज्ञानात तर नव्हतीच.

तरीही पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षीत त्यांनी लिहिले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो सापडलेला नाही. हे लक्षात येण्यास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे पुस्तक निमित्त झाले. हॅस्लम यांची गोष्टही तशीच चमत्कारिक होती: दीक्षित पाळक असताना १८५१ मध्ये कॉर्नवॉलमधील आपल्याच चर्चमध्ये उपदेश करता करता त्यांचे स्वतःचे मनःपरिवर्तन झाले, आणि श्रोत्यांतून कोणीतरी ओरडले की पाळकाचे परिवर्तन झाले. ते वाचून रमाबाईंनी स्वतःकडे पाहिले. देवाला शरण जाण्याआधी आपण काहीतरी व्हायला हवे, ही अट त्यांनी सोडून दिली आणि आहोत तशाच, पापी म्हणून, ख्रिस्तापुढे गेल्या.

यावरून बाप्तिस्मा निरर्थक असे कोणी समजू नये. रमाबाईंनी तो परत घेतला नाही. ज्या मंडळ्या बालकांचा बाप्तिस्मा करतात त्यांच्या शिकवणुकीत बाप्तिस्मा हे देवाच्या वचनाचे चिन्ह आणि शिक्का आहे, आणि वचन धरायचे असते विश्वासाने. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये जादूगार शिमोनाचाही बाप्तिस्मा झाला होता, आणि थोड्याच दिवसांत तो पवित्र आत्मा देण्याचा अधिकार पैशाने विकत मागू लागला.

तारण झाल्याचा दिवस आणि वेळ सांगता आली पाहिजे का?

नाही. मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली यांना २४ मे १७३८ ही तारीख सांगता येत होती: लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील सभेत, वर उल्लेखिलेली रोमकरांस पत्राची ल्यूथर यांची प्रस्तावना वाचली जात असताना, रात्री पावणेनऊच्या सुमारास आपले अंतःकरण विलक्षण उबदार झाल्याचे त्यांनी रोजनिशीत नोंदवले आहे. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य याला अशी तारीख असल्याचे कुठेच दिसत नाही. त्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात आधी होता, असे पौल लिहितो, आणि ते कमीपणाचे म्हणून लिहीत नाही. ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलांना आपली साक्ष रंगतदार नाही असे वाटू लागते, आणि मग ती रंगतदार करण्याचा मोह होतो. तो टाळावा.

आधी पश्चात्ताप की आधी विश्वास?

वळणे एकच आहे. ख्रिस्ताकडे तोंड केले की पापाकडे पाठ होते, आणि मार्क १:१५ मध्ये दोन्ही आज्ञा एका श्वासात आल्या आहेत. येशूला तारणारा म्हणून स्वीकारावे, प्रभू म्हणून नंतर सवडीने पाहू, अशी फोड नव्या करारात मला आढळत नाही. जकातदार जक्कयाला येशूने त्याच्या घरी येतो म्हणून सांगितले तेव्हा त्याने काहीच परत केलेले नव्हते. पण येशू घरात आल्यावर त्याने अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना आणि फसवून घेतलेल्याची चौपट परतफेड जाहीर केली.

माझे तारण झाले आहे याची खात्री मला का वाटत नाही?

कारण खात्री वाटणे आणि विश्वास असणे या दोन गोष्टी नेहमी बरोबर चालत नाहीत. धर्मसुधारक कॅल्विन यांनी विश्वासाची व्याख्याच देवाच्या आपल्यावरील कृपादृष्टीचे दृढ व निश्चित ज्ञान अशी केली, पण त्याच विवेचनात विश्वासणाऱ्याला आयुष्यभर शंकांशी झुंजावे लागते हेही कबूल केले. वेस्टमिन्स्टरचे अठरावे प्रकरण जास्त मोकळे आहे: अढळ खात्री विश्वासाच्या स्वरूपातच अंतर्भूत आहे असे नाही, खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते. ट्रेंटच्या परिषदेने मात्र विशेष प्रकटीकरणाशिवाय कोणालाही स्वतःविषयी अशी निश्चिती असू शकत नाही असे म्हटले, आणि आशा बाळगण्यास सांगितले.

खात्री शोधणारी माणसे बहुधा आपल्या भावना तपासत बसतात. उपासनेत डोळे ओले झाले तर खात्री, नाही झाले तर नाही. त्यापेक्षा सुवार्तेत दिलेली वचने पुन्हा वाचावीत आणि मग, दुसऱ्या क्रमांकावर, आपल्या आयुष्यात प्रीतीचे काही फळ दिसते का ते पाहावे. योहानाचे पहिले पत्र नेमके याच कामासाठी लिहिले आहे, असे त्याच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे.

खरा विश्वास नंतर नाहीसा होऊ शकतो का?

डॉर्टची परंपरा नाही म्हणते, कारण देव आपले काम अर्धवट सोडत नाही. जो पूर्णपणे सोडून गेला त्याच्या ठायी तो विश्वास मुळात नव्हता. वेस्ली यांची परंपरा इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील इशारे शब्दशः घेते आणि होय म्हणते. दोन्ही बाजूंनी एका गोष्टीकडे पाहावे: पेत्र तीनदा नाकारणार हे ठाऊक असूनही येशूने त्याचा विश्वास ढळू नये म्हणून आपण विनंती केली आहे असे त्याला आधीच सांगितले होते.

आजार बरा झाला नाही. माझा विश्वास कमी पडला असे सांगितले जाते. ते खरे आहे का?

खरे नाही, आणि ते क्रूर आहे. पौलाने तीनदा विनवूनही त्याच्या शरीरातला काटा गेला नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, अगदी किरकोळ निरोपांच्या ओघात, त्रफिम आजारी असल्यामुळे आपण त्याला मिलेतात ठेवून आलो असे तो सांगून जातो. ज्याच्या अंगावरचे रुमालही लोक आजाऱ्यांकडे नेत असत त्या प्रेषिताने सोबत्याला आजारी सोडले, आणि त्रफिमाच्या विश्वासाबद्दल एक अक्षर काढले नाही. याकोबाने आजाऱ्यासाठी तेल लावून प्रार्थना करायला सांगितली आहे, ती जरूर करावी. पण मधुमेहाच्या किंवा फेफऱ्याच्या गोळ्या विश्वासाने बंद करा असे कोणी सांगू लागले, तर त्या सभेतून उठून यावे. पौलाच्या प्रवासी मंडळींत लूक हा वैद्य होता.

वारकरी संतही देवाच्या पायी शरण जातात. ख्रिस्ती विश्वासात वेगळे काय?

शरणागती, स्वतःच्या पुण्याईबद्दलची निराशा आणि देवाच्या दयेचा धावा, यांत साम्य खरोखर आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे म्हणत, आणि ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंगच लिहिले. मराठी मंडळ्यांत आजही ते गाइले जातात.

वेगळेपण विश्वासाच्या तीव्रतेत शोधू नये; तिथे पुष्कळ वारकरी आपल्याला लाजवतील. ख्रिस्ती विश्वास एका इतिहासातल्या घटनेला बांधलेला आहे. प्रेषितांच्या मतांगीकारात पंतय पिलात या रोमी अधिकाऱ्याचे नाव उगीच आलेले नाही. ते तारखेसारखे आहे. आणि ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे, तुम्ही अजून पापातच आहात, अशी जोखीम पौलाने उघडपणे पत्करली आहे. घटना खोटी ठरली तर भक्तीच्या उत्कटतेने तिची भरपाई होईल, असे तो म्हणत नाही.

विश्वास वाढावा म्हणून काय करावे?

वार्ता ऐकण्याने विश्वास होतो, असे रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात आहे. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा पासष्टावा प्रश्न त्यात संस्कारांची भर घालतो: पवित्र आत्मा सुवार्तेच्या उपदेशाने विश्वास उत्पन्न करतो आणि संस्कारांच्या वापराने तो दृढ करतो. म्हणजे उपासनेला जावे, वचन ऐकावे, प्रभुभोजन घ्यावे. यापेक्षा वेगळे तंत्र कोणी विकत असेल तर सावध असावे.

प्रभुभोजनाबद्दल एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. आपला विश्वास डळमळीत आहे म्हणून पुष्कळ भाविक त्या रविवारी मागच्या बाकावर बसून राहतात आणि अयोग्य रीतीने खाण्याविषयीचा इशारा त्याला कारण म्हणून सांगतात. तो इशारा करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे, आणि तो कोणाला उद्देशून होता हे त्याच अध्यायात लिहिले आहे: करिंथातले खातेपिते लोक इतरांसाठी न थांबता जेवून घेत, कोणी उपाशी राहत असे, तर कोणी पिऊन धुंद होत असे. शंकांनी बेजार झालेल्या माणसाचा तिथे उल्लेखही नाही. त्याने आदल्या दिवशी पाळकांशी बोलून घ्यावे आणि रविवारी पुढे यावे.